महापौर बेपत्ता झाला ती रात्र : आरपीचा इतिहास विकीवर लिहितात तो कसा?

२०२५ सालचे गणपती २७ ऑगस्टला बसले. त्याआधी पाचच दिवस, २२ ऑगस्टला, ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली होती. त्यामुळे आरतीनंतर पडवीत बसलेल्या मंडळींना विषय शोधावा लागला नाही. कुणाचा भाचा रमीत हरला, कुणी क्रिकेटच्या टीमवर पगार उडवला, असं चाललं होतं. डोंबिवलीहून आलेला माझा पुतण्या मात्र खांबाला टेकून लॅपटॉपवर टाइप करत होता. काकीने त्याच्याकडे बघून मला विचारलं, "ते ऑनलाइन गेम सरकारान बंद केल्यान मां रे? मगे ह्यो काय करता हा?"

"आजी, मी खेळत नाहीये, इतिहास लिहितोय," पुतण्या मान वर न करता म्हणाला.

"कसलो इतिहास?"

"गेममध्ये आम्ही जे नाटक करतो ना, त्याचा. विकीवर."

काकीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी गेली तीन-चार वर्षं अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय, कारण हाच उद्योग मीही करतो : गेममध्ये केलेल्या नाटकांचा इतिहास विकीवर, म्हणजे वाचणाऱ्यांनाच बदलता येतील अशा पानांच्या संकेतस्थळावर, लिहितो. त्या रात्री तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. आधी कायद्याचं सांगून टाकू. बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्स आणि मनोरंजनासाठीचे सामाजिक खेळ त्या कायद्याने वेगळे धरले आहेत. या लेखातल्या खेळात कुणी पैज लावत नाही.

## नट सगळे, प्रेक्षक कुणीच नाही

मल्टिप्लेअर गेम म्हणजे ज्यात बरीच माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी एकाच जगात वावरतात. ते जग ज्या संगणकावर चालतं तो सर्व्हर. बहुतेक जण तिथे जिंकायला जातात. काही जण मात्र भूमिका घेऊन राहायला जातात. एक टॅक्सी चालवतो, एक फौजदार होतो, एखादी हॉटेल काढते, कुणी निवडणूक लढवून महापौर होतो. माइकवर त्या पात्रासारखं बोलायचं, आणि पात्राला जेवढं ठाऊक असेल तेवढंच आपल्याला ठाऊक आहे असं वागायचं. याला रोलप्ले म्हणतात. खेळणारे नुसतं 'आरपी' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

सिंधुदुर्गातल्या माणसाला हे समजावणं सोपं जातं, कारण आपल्याकडे दशावतार आहे. जत्रांचा हंगाम सुरू झाला की कंपनी पेटारा घेऊन गावात येते. रात्री आडदशावतारात गणपती, सरस्वती, संकासुर येऊन जातात आणि मग आख्यान लागतं. त्याची लिहिलेली संहिता नसते. कोणतं आख्यान, राजा कोण, राक्षस कोण, एवढं रंगपटात, म्हणजे पडद्यामागे नट सजतात तिथे, ठरतं. संवाद समोरच्याच्या वाक्यावरून जागच्या जागी जुळत जातात. राजाने पेच टाकला तर राक्षसाने त्यातून आपल्या अकलेने वाट काढायची. पहाटे दहीकाला होतो, कंपनी पुढच्या गावाला जाते, आणि रात्रीचं ते झणझणीत भाषण पाहिलेल्यांच्या डोक्यात तेवढं राहतं.

आरपी असाच चालतो. फरक इतकाच की इथे जवळजवळ सगळेच नट असतात आणि एकच आख्यान दोन-दोन, पाच-पाच वर्षं चालू राहतं.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये 'मड' नावाचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. त्यात चित्रं नव्हती. 'तू उंबरठ्यावर उभा आहेस' असं अक्षरांत यायचं आणि तुम्ही अक्षरांतच उत्तर द्यायचं. १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' आलं, २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. आपल्याकडच्या मुलांना आरपी कळला तो मुख्यतः 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' या गेममुळे. 'फाइव्हएम' नावाची एक प्रणाली वापरून त्या गेमवर स्वतःचा सर्व्हर, स्वतःचं शहर, स्वतःचे नियम उभे करता येतात.

मी कुडाळात सेवा केंद्र चालवतो. २०२० मध्ये लॉकडाऊनने केंद्राला कुलूप लागलं तेव्हा एका मित्राने मला अशाच एका शहरात नेलं. खेळणारे निम्मे मुंबई-पुण्याचे, उरलेले मालवण, देवगड, रत्नागिरीकडचे. मी टॅक्सीवाला झालो. सव्वा वर्ष त्या शहरातल्या सगळ्या बातम्या माझ्या मागच्या सीटवर बसून गेल्या.

## महापौर नऊ दिवस कुठे होता?

आरपीचा इतिहास लिहिताना खरी अडचण कुठे येते हे एका प्रसंगाने कळेल. मला ते कळलं ते माझ्याच चुकीतून.

मे २०२१. शहरात महापौराविरुद्ध अविश्वासाचा ठराव यायचा होता. रविवारी रात्री, १६ तारखेला, सभा ठरलेली. सगळे जमले आणि महापौर आलाच नाही. अर्धा तास थांबून कुणीतरी म्हणालं, "उचलला त्याला." बंदरावरच्या एका टोळीने लगेच ती ओळ झेलली. खंडणीची चिठ्ठी आली. पोलिसांनी नाकाबंदी लावली, हॉटेलवालीने 'महापौर परत द्या' असा फलक टांगला. नऊ दिवसांनी तो गोदामात खुर्चीला बांधलेला सापडला. त्या शहरात याच्याइतकं रंगलेलं आख्यान दुसरं झालं नाही.

मी त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. १६ मेला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेलं होतं. आमच्या वाडीतले विजेचे खांब वाकले होते, माड रस्त्यावर पडले होते, मोबाइलला रेंज नव्हती. मी घराच्या मागच्या खोलीत कौलं उडालेल्या जागी ताडपत्री बांधत होतो.

पुढे २०२३ मध्ये मी या प्रसंगाचं पान विकीवर लिहिलं, ऐकीव माहितीवर. पहिलंच वाक्य होतं : 'बंदरावरच्या टोळीने कट रचून महापौराचं अपहरण केलं.' चार दिवसांनी त्या टोळीच्या म्होरक्याची भूमिका करणाऱ्याने पानाच्या चर्चेत लिहिलं : 'कट कसला? तो देवगडला लाइटशिवाय बसला होता. आम्ही वेळ मारून नेली.'

दोघांचंही बरोबर होतं. कथेत अपहरण झालं होतं, चिठ्ठी होती, गोदाम होतं. आणि कथेबाहेर एका खेळाडूच्या घरची वीज गेली होती. मी दोन्ही एकात कालवल्यामुळे पान खोटं ठरलं. वाचणाऱ्याला वाटलं असतं की टोळीवाल्यांनी आधी ठरवून एका माणसाला खेळाबाहेर काढलं. आरपीत असं करणं हा गंभीर नियमभंग मानतात. म्हणजे एका शब्दाने मी चार भल्या पोरांना दोषी ठरवलं होतं.

खेळाडू या दोन थरांना 'आयसी' आणि 'ओओसी' म्हणतात, म्हणजे पात्राच्या आतलं आणि पात्राच्या बाहेरचं. मी यापुढे मंच आणि रंगपट म्हणतो. मंचावर राजा मेला हे खरं असतं, रंगपटात तोच राजा चहा पीत बसलेला असतो हेही खरं असतं.

या दोन थरांचा सगळ्यात प्रसिद्ध दाखला १९९७ मधला आहे. 'अल्टिमा ऑनलाइन' बाजारात येण्याआधी चाचणी चालू होती. गेमचा निर्माता रिचर्ड गॅरियट हा लॉर्ड ब्रिटिश नावाच्या राजाच्या रूपात प्रजेला भेटायला आला आणि एका खेळाडूने आग टाकून राजालाच मारलं. मंचावरची गोष्ट : अजिंक्य राजाचा वध. रंगपटातली : सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर राजाचं संरक्षण परत लावायचं राहून गेलं होतं. यातलं एकच लिहिलं तर पुढचा वाचणारा फसतो.

आता महापौराच्या पानाला दोन भाग आहेत. वर 'कथेत', खाली 'पडद्यामागे'. खालच्या भागात तौक्तेची तारीख आहे.

## विकी म्हणजे काय? सातबारा आणि त्याचा फेरफार

विकी म्हणजे असं संकेतस्थळ ज्याची पानं वाचणाराच बदलू शकतो. अमेरिकेतल्या वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी सुरू केली. होनोलुलूच्या विमानतळावर 'विकी विकी' नावाची बस धावायची, तिच्यावरून नाव घेतलं. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे लवकर, झटपट. विकिपीडिया त्यानंतर २००१ मध्ये आला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला. पण विकिपीडिया ही पुष्कळ विकींपैकी एक. एखाद्या गेमची, एखाद्या सर्व्हरची, एखाद्या गावाचीही स्वतंत्र विकी असू शकते, आणि तिचे नियम तिथली माणसं ठरवतात.

"कुणीही बदलू शकतं?" हे ऐकल्यावर लोक दचकतात. माझ्या केंद्रात दिवसभर सातबारा काढायला माणसं येतात, त्यांना मी असं सांगतो. सातबारा दाखवतो की आज जमिनीवर कोणाकोणाची नावं आहेत. तो तसा का झाला हे सांगतो फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा. कधी, कशाच्या आधारे, कोणतं नाव चढलं आणि कोणतं कमी झालं. कोकणात एका गुंठ्यावर चाळीस नावं असतात, तिथे सातबारा बघून कुणाचं समाधान होत नाही. लोक फेरफार मागतात.

विकीच्या प्रत्येक पानाला असा फेरफार असतो. त्याला 'इतिहास' म्हणतात. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या खात्याने कोणता शब्द घातला किंवा काढला, सगळं तिथे राहतं. कुणी रात्री येऊन अख्खं पान पुसलं तर सकाळी दुसरा कुणी एका टिचकीत मागची आवृत्ती परत आणतो. शिवाय प्रत्येक पानाला जोडलेलं एक चर्चा पान असतं, हरकत तिथे नोंदवायची. मराठी विकिपीडियावर सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेला 'चावडी' म्हणतात आणि नवख्याने हात बसवायच्या कोऱ्या पानाला 'धूळपाटी'. हे शब्द ज्यांनी निवडले त्यांचं मला फार कौतुक वाटतं. आमच्या विकीनेही तेच घेतले.

## मग खरं कसं मानायचं?

फेरफारातून बदल कुणी केला ते कळतं. तो बदल खरा का, याचं उत्तर पुराव्यात असतं.

मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. आपल्याकडे बखरी होत्या आणि दप्तरं होती. बखर रसाळ असते, पण पुष्कळदा घटनेनंतर पन्नास-शंभर वर्षांनी, कुणाच्या तरी बाजूने लिहिलेली. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घरांच्या माळ्यावरून पत्रं, हिशेब, निवाडे गोळा करत राहिले. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, पुढे एकूण २२ खंड झाले. त्यांचा आग्रह एकच : घटनेच्या वेळचा कागद दाखवा.

आरपीत घटनेच्या वेळचा कागद म्हणजे स्क्रीनशॉट, खेळ चालू असताना नोंदल्या गेलेल्या संवादांचा लॉग, व्हिडिओची क्लिप, सर्व्हर चालवणाऱ्यांनी त्या दिवशी लावलेली सूचना. हे हाताशी असेल तर उत्तम. नसेल तर निदान साक्षीदार तरी कोणता ते लिहावं. 'असं म्हणतात' हे निरुपयोगी. 'टॅक्सीवाल्याची भूमिका करणाऱ्याच्या आठवणीनुसार, तो स्वतः हजर नव्हता' हे उपयोगी. मी माझ्या पानावर आता हेच वाक्य घातलंय.

विशेषणं गाळावीत. 'दगाबाज फौजदाराने' असं लिहिलं की फौजदाराच्या बाजूचे येऊन ते 'कर्तव्यदक्ष' करणार, आणि आठवडाभर तेच चालणार. 'फौजदाराने कैद्याला न्यायालयात न नेता सोडून दिलं' एवढं लिहावं, पुढे क्लिपचा मिनिट-सेकंद द्यावा. वाचणारा आपलं काय ते ठरवेल.

तारीख हा सगळ्यात दुर्लक्षित पुरावा आहे. फाइव्हएमचंच घ्या. गेम बनवणाऱ्या कंपनीने २०१५ मध्ये त्या प्रणालीशी संबंधित लोकांची खाती बंद केली होती, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच कंपनीने ती प्रणाली चालवणाऱ्या चमूला आपल्यात सामील करून घेतलं. आता एखाद्या पानावर तारखेशिवाय लिहिलं असेल की 'आमचा सर्व्हर चोरून चालायचा', तर त्याचा अर्थ काय लावायचा? २०१६ असेल तर एक अर्थ, २०२४ असेल तर दुसरा.

## "व्हिडिओ आहेत की! लिहायचं कशाला?"

हा आक्षेप तरुण मुलं घेतात, पुतण्यानेही आधी घेतला होता. व्हिडिओ असतात, हे खरं. ते राहतात का, हे बघा. गेम थेट दाखवणाऱ्या ट्विचने एप्रिल २०२५ पासून प्रत्येक चॅनलला हायलाइट आणि अपलोड मिळून १०० तासांची मर्यादा घातली. आरपी करणारा माणूस एका महिन्यात तेवढे तास सहज खेळतो. यूट्यूबवर चॅनल बंद होतं, संकेतशब्द हरवतो, पार्श्वभूमीला गाणं वाजलं म्हणून व्हिडिओ उडतो. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर टाकलेल्या चित्राचा दुवा बाहेर चिकटवला तर काही वेळाने तो चालेनासा होतो, म्हणून पुराव्याचं चित्र विकीवरच चढवावं.

अख्खे खेळही जातात. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' १५ डिसेंबर २०११ ला बंद झालं, 'सिटी ऑफ हीरोज' ३० नोव्हेंबर २०१२ ला. लोकांनी तिथे वर्षानुवर्षं पात्रं जगवली होती. गेम सोडा, तुमचं स्वतःचं ऑर्कुट आठवा. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं, तिथल्या कट्ट्यांवर मराठी माणसांनी जे लिहिलं होतं त्यातलं तुमच्याकडे आज काय आहे?

आणि समजा सगळे व्हिडिओ राहिले. महापौराच्या नऊ दिवसांचे व्हिडिओ आमच्याकडे अकरा खेळाडूंचे आहेत, प्रत्येकाचे रोजचे पाच-सहा तास. ते कोण बघणार? शिवाय त्यातल्या एकाही व्हिडिओत तौक्ते नाही. मंचावर कुणी वादळाचं नाव काढूच शकत नव्हतं, त्या शहरात वादळ आलंच नव्हतं. रंगपट लिहावाच लागतो, त्याचं चित्रीकरण कुणी करत नाही.

## "शेवटी खेळच ना तो?"

हा प्रश्न काकीचा, आणि योग्य आहे. तिला मी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधल्या साथीची गोष्ट सांगितली.

१३ सप्टेंबर २००५ ला त्या गेममध्ये झुलगुरुब नावाची नवी जागा उघडली. तिथे हक्कार नावाचा राक्षस खेळाडूंवर एक शाप टाकायचा, 'करप्टेड ब्लड'. रक्त झपाट्याने कमी व्हायचं आणि जवळ उभ्या असलेल्याला तोच शाप लागायचा. तो त्या जागेपुरताच राहावा अशी योजना होती. पण खेळाडूंचे पाळीव प्राणी तो अंगावर घेऊन बाहेर आले, आणि गजबजलेल्या शहरांत साथ पसरली. नवखी पात्रं पटापट मेली, रस्त्यांवर सांगाडे पडले. कंपनीने आधी मोकळं राहा, वेगळं राहा असं सांगून पाहिलं, ते कुणी ऐकलं नाही. शेवटी सर्व्हर पुन्हा सुरू करून गेममध्ये दुरुस्ती करावी लागली.

माणसं कशी वागली ते महत्त्वाचं. ज्यांना बरं करायची विद्या होती ते काही जण शहरात थांबून अनोळखी लोकांना बरं करत राहिले. काही रानात पळाले. काहींनी मुद्दाम गर्दीत जाऊन रोग पसरवला. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी २००७ मध्ये संसर्गजन्य रोगांवरच्या 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात यावर लेख लिहिला : खरी साथ आली तर लोक कसे वागतील याचा अंदाज अशा जगांतून घेता येईल का? कोरोना यायच्या तेरा वर्षं आधी. काकीला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आमच्या वाडयेतव तसाच झाला." खरंच तसंच झालं होतं. डबे पोचवणारेही होते आणि मुंबईहून आलेल्यांना वेशीवर अडवणारेही.

मी असं म्हणत नाही की प्रत्येक आरपीतून शास्त्रज्ञांना काही मिळेल. आमच्या शहरातून मिळणार नाही. पण दीडशे माणसांनी लॉकडाऊनमध्ये रोज रात्री एकत्र येऊन जे उभं केलं ते त्या दीडशे जणांच्या आयुष्याचा भाग आहे, आणि त्यातल्या दोघांशी माझी आज घरच्यासारखी ये-जा आहे. मला एवढं कारण पुरतं.

## नावं, लहान मुलं, जुनी भांडणं

इथे मी कडक आहे. पानावर पात्राचं नाव यावं, खेळाडूचं खरं नाव कधीही येऊ नये, त्याने स्वतः लिहायला सांगितलं तरी दोनदा विचारावं. गाव, शाळा, फोन नंबर, चेहऱ्याचा फोटो, काहीच नाही. लॉकडाऊनमध्ये आमच्या शहरातला एक कडक फौजदार प्रत्यक्षात नववीतला मुलगा होता. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातलीय. पण कायदा नसता तरी हे पाळायलाच हवं. पंधराव्या वर्षी रागात बोललेलं वाक्य नोकरीच्या मुलाखतीपर्यंत माणसाच्या मागे जाऊ नये.

रंगपटातली भांडणं लिहायची का? कुणाला सर्व्हरवरून काढलं, कुणी पैसे खाल्ल्याचा आरोप झाला? सर्व्हर फुटण्याचं कारण तेच असेल तर लिहावं लागतं, पण जेवढं सर्वांसमोर जाहीर झालं होतं तेवढंच, आणि दोन्ही बाजूंना चर्चा पानावर बोलावून. खाजगी संदेशाचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून कुणी आणला तर आम्ही घेत नाही.

## मालकी, मराठी आणि एआय

आपण फुकट लिहायचं आणि मालकी कोणाची? बहुतेक विकी 'क्रिएटिव्ह कॉमन्स'च्या परवान्याखाली चालतात. विकिपीडियावर वापरतात त्या प्रकारचा अर्थ असा : मजकूर कुणीही घेऊ शकतो, पण मूळ लिहिणाऱ्यांचं श्रेय द्यायचं आणि पुढेही तो तसाच मोकळा ठेवायचा. उद्या विकी चालवणारा कंटाळला तर सगळा मजकूर उचलून दुसरीकडे नवी विकी मांडता येते. कुठेही लिहायला लागण्याआधी त्या विकीचा परवाना बघून घ्या.

मराठीत लिहिलं तर चालेल का, असं मला फार जण विचारतात, जणू परवानगी लागते. आमच्या शहरात माणसं मराठीत भांडली, मालवणीत शिव्या दिल्या, हिंदीत पोलिसांना समजावलं. ते इंग्रजीत लिहिलं की त्यातली निम्मी चव जाते. संवाद बोलला तसाच नोंदवावा.

एआयकडून पान लिहून घेण्याचा मोह आता सगळ्यांनाच होतो. शुद्धलेखन तपासायला वापरा. पण महापौराच्या रात्री सभागृहात कोण कुठे बसलं होतं हे त्याला माहीत नाही, आणि विचारलं तर ते काहीतरी रचून सांगेल. आमच्याकडे अशी दोन पानं आली होती. वाचायला गुळगुळीत, आणि त्यात एक अशी लढाई होती जी झालीच नव्हती. आम्ही ती काढली.

## सुरुवात कुठून करायची?

पानं वाचून. आपण ज्या रात्री हजर होतो त्या रात्रीचं पान काढायचं आणि चुकलेली एक तारीख दुरुस्त करायची. बदल जपून ठेवताना 'सारांश' नावाचा छोटा रकाना येतो, त्यात काय आणि का बदललं ते लिहायचं. 'तारीख १५ ऐवजी १६, क्लिप जोडली' एवढं पुरतं. ज्या बाहेरच्या दुव्यावर आपण विसंबलो तो इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवून ठेवायचा, म्हणजे मूळ पान गेलं तरी प्रत राहते. अख्खं नवं पान लिहायचं असेल तर आधी धूळपाटीवर.

तुमचा बदल कुणी उलटवला तर चर्चा पानावर जा. मी पहिल्यांदा रागाने परत तेच चिकटवलं होतं, समोरच्याने परत उलटवलं, असं सहा वेळा झालं. सातव्यांदा मी विचारलं, तुमच्याकडे काय आहे? त्याच्याकडे क्लिप होती. ती पाहिल्यावर वाद उरला नाही.

त्या रात्री हे सगळं ऐकून घेतल्यावर काकी थोडा वेळ गप्प बसली. मग पुतण्याला म्हणाली, "आमच्या जत्रेक एकदा राजाच येवक नाय. येष्टी चुकली तेची. संकासुरान दोन वाजापर्यंत खेळ वडून नेल्यान. लोक हसान हसान बेजार."

पुतण्याने लॅपटॉप जवळ ओढला. "कुठल्या वर्षी, आजी?"

"वर्षा खंय आठवतत? तुझो बापूस पाळण्यात होतो."

"दादा १९७९ चा," मी म्हटलं.

त्याने कोऱ्या पानावर लिहिलं : 'अंदाजे १९७९, जत्रा. साक्षीदार : आजी.' मग विचारलं, "आणखी कोणी पाहिलं होतं?"

काकीने खालच्या वाडीकडे हात केला. "माझी मैत्रीण होती वांगडाक. ती आसा हंयच."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीआधीच तो तिच्याकडे जाऊन आला. तिच्या म्हणण्याप्रमाणे एसटी चुकली नव्हती, राजाला ताप होता. त्याने दोन्ही लिहून ठेवलंय.